नोटीस निघाली, पण वाचणार कोण?

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "अरे, ही नोटीस जरा वाचून दे. रस्त्याची आहे म्हणतात. आपली वाडी जाते की काय?"

एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरचं पान होतं. तारखा आणि आकडे दिसत होते. बाकी सगळी चिन्हांची रांग. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार टोकांचं गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर, असं पानभर. हरकती द्यायची मुदत ३० दिवसांची, त्यातले ११ उरलेले.

काका म्हणाले, मोबाइल बिघडला वाटतं. मोबाइल ठीक होता.

संगणक अक्षरं ओळखत नाही, आकडे ओळखतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा त्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. आज वेबवर यूटीएफ-८ पद्धत चालते. तिच्यात आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'गास' दिसायला दोन अक्षरं, पण ग, काना आणि स मिळून नऊ बाइट. 'ही पद्धत वापरली आहे' हे सर्व्हरने ब्राउझरला सांगितलं नाही, किंवा चुकीचं सांगितलं, तर ब्राउझर एका अक्षराची तीन युरोपीय अक्षरं करतो. 'म'चं काय होतं? तोच रेघवाला ए, गोल चिन्ह आणि वर्तुळातला आर.

घरी लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये पान उघडलं, 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबलं आणि मराठी समोर आली. काकांच्या वाडीचा सर्व्हे नंबर यादीत होता. चार दिवसांत त्यांनी हरकत दिली. ज्यांच्या घरी दाबणारं कोणी नव्हतं, त्यांचं काय?

हे ओळखायला सोपं आहे. युरोपीय चिन्हं दिसली तर मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त वाचायची पद्धत चुकलेली. चौकोन दिसले तर बहुधा तुमच्याकडे फॉन्ट नाही. इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खिचडा दिसला तर मजकूर श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर बहुधा डेटाबेसमध्ये साठवतानाच मराठी पुसली गेली. तिथे मूळ कागदच शोधायचा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, नावांची. ॲग्नेस, ॲन्थनी. यातला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही कितीतरी ठिकाणी तसंच टाइप होतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. म्हणून एखाद्या यादीत आईचं नाव असूनही शोधलं की 'सापडले नाही' येतं. दोन्ही तऱ्हांनी शोधून बघा, मगच नाव वगळलंय म्हणून धावपळ करा.

मी त्या कार्यालयात गेलो. "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतं," असं उत्तर मिळालं. दाखवली ती त्यांच्या संगणकावरची वर्डची फाइल. लोक वाचतात ते पान कोणी उघडलंच नव्हतं.

दुरुस्ती काय, तर सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ. पण प्रश्न त्या ओळीपुरता नाही. राजभाषा अधिनियम १९६४चा, म्हणजे राज्याचा कारभार मराठीत. माहिती अधिकार कायदा २००५चं कलम ४ सांगतं, की माहिती स्वतःहून द्यायची आणि देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा. जी वाचताच येत नाही ती माहिती दिली असं कसं म्हणायचं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोटीस वाचता येईल अशी लागेल त्या दिवसापासून हरकतीचे ३० दिवस मोजा. आणि मंडळी, अशी पानं दिसली की हसून सोडू नका. तारखेसकट स्क्रीनशॉट काढा आणि लेखी अर्जाला जोडा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.