२७ नोव्हेंबर : व्ही. पी. सिंग यांचे ऋण आपण कधी मान्य करणार?

नोव्हेंबरअखेरचे आपले कार्यक्रम ठरलेले असतात. २६ ला संविधान दिन, २८ ला महात्मा फुले स्मृतिदिन. मधल्या २७ तारखेला मात्र आमच्या वस्तीतल्या विहारात कुणाचाच फोटो लागत नाही. २७ नोव्हेंबर २००८ रोजी माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांचे दिल्लीत निधन झाले. आदल्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला होता, त्यामुळे ती बातमी दबली, हे समजू शकते. पण त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी आपण गप्प का?

एम. ए. ला समाजशास्त्र शिकताना मंडल आयोग आमच्या वर्गात आला तो आत्मदहनाच्या फोटोसोबत. चर्चा झाली ती ‘गुणवत्ते’वर आणि ‘समाजातील फुटी’वर. देशातल्या निम्म्याहून अधिक समाजाला प्रशासनात किती जागा होत्या, हा प्रश्न कुणी विचारला नाही. माध्यमांनी आणि अभ्यासक्रमांनी सिंग यांची ‘देश फोडणारा पंतप्रधान’ अशी जी प्रतिमा केली, ती नकळत आपणही स्वीकारली की काय, अशी मला शंका येते.

आता माझ्या घरचीच गोष्ट सांगते. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म स्वीकारला. तरीही वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ आहे आणि माझ्या दाखल्यावर ‘बौद्ध’. महाराष्ट्रात बौद्धांना राज्याच्या सवलती होत्या. पण रेल्वे, टपाल, बँक अशा केंद्राच्या नोकरीत ‘बौद्ध’ लिहिले की अनुसूचित जातीचा हक्क जात असे. १९५० च्या आदेशाने हा हक्क हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. म्हणजे ३४ वर्षे आमची माणसे घरात त्रिशरण म्हणत होती आणि कागदावर हिंदू राहत होती. हा दुभंग १९९० च्या दुरुस्ती कायद्याने संपवला, आणि तो सिंग सरकारने केला. वस्तीतल्या मुलांचे केंद्रीय नोकरीचे अर्ज भरताना जात प्रमाणपत्रात त्या कायद्याचा उल्लेख येतो. मी तो त्यांना मुद्दाम मोठ्याने वाचायला लावते.

सिंग यांना सत्ता मिळाली जेमतेम ११ महिने. त्यात बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले आणि ॲट्रॉसिटी कायदा ३० जानेवारी १९९० पासून अंमलात आला. १९८० पासून धूळ खात पडलेला मंडल अहवाल त्यांनी ७ ऑगस्ट १९९० रोजी स्वीकारला आणि केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण जाहीर केले. अडवाणींची रथयात्रा अडवली गेली, भाजपने पाठिंबा काढला आणि ७ नोव्हेंबरला सरकार पडले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते २७ टक्के आरक्षण क्रिमी लेयरची अट घालून वैध ठरवले.

याला कुणी उपकार म्हणू नये. संसदेत बाबासाहेबांचे चित्र आणि बौद्धांना सवलती या दोन्ही मागण्या रिपब्लिकन पक्षाच्या १९६४ च्या मागणीपत्रात होत्या आणि त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखोंनी तुरुंग भरले होते. हक्क चळवळीने कमावला. पण त्या २६ वर्षांत दिल्लीच्या खुर्चीवर अनेक जण बसले; सही एकाने केली. हा फरक नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

काही जण म्हणतील, देवीलालांना शह देण्यासाठी त्यांनी मंडल काढले. असेलही. पण राजकारणात हेतू तपासत बसण्यापेक्षा निर्णय कुणाच्या ताटात काय वाढतो ते पाहावे. ते मांडाच्या संस्थानिक घराण्यातले ठाकूर होते. या निर्णयानंतर त्यांच्याच वर्गाने त्यांना शत्रू मानले. त्यांचे सगळेच वंदनीय होते असेही नाही. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री असताना डाकूविरोधी मोहिमेतल्या पोलीस चकमकींवर गंभीर आक्षेप घेतले गेले होते, आणि १९८९ मध्ये त्यांचे सरकार भाजपच्याही पाठिंब्यावर उभे होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला आहे. म्हणून मी पूजा मागत नाही, हिशेब मागते. आपल्या विरोधकांच्या चुकांचा हिशेब आपण चोख ठेवतो. मग बाजूने उभ्या राहिलेल्या माणसाचे खाते कोरे का?

तामिळनाडू सरकारने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजच्या आवारात त्यांचा पुतळा उभारला. पेरियारांच्या भूमीला जे कळले ते फुले-आंबेडकरांच्या भूमीला कळू नये?

पुतळा नसला तरी चालेल. २७ तारखेला विहारात मुलांना बसवून मंडल म्हणजे काय, ते कुणासाठी होते आणि त्याला विरोध कुणी केला, एवढे सांगा. ओबीसी बांधवांनाही बोलवा. त्यांच्या आरक्षणासाठी एक सरकार गेले, हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नाही. आणि कंत्राटी भरतीने, खासगीकरणाने आरक्षणाच्या जागाच संपत असताना त्याविरुद्ध रस्त्यावर या. जे मिळाले ते टिकवणे, हीच त्यांना खरी आदरांजली.

व्ही. पी. सिंग यांना विनम्र अभिवादन. जयभीम!