आमचा वीर कोणता?

फोनवर फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते : ‘सर, हा आमच्या मूळपुरुषाचा दगड. नाव तेवढं काढून द्या.’ नाव निघत नाही. हा दगड म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्याचं स्मारक. कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर राजा, शक, गाव आणि मेलेल्याचं नाव असा लेख असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेकांवर अक्षर नाही. असतात ती चिन्हं. माणूस मेला कसा, हे ती बऱ्यापैकी नेमकं सांगतात. मेला तो कोण, याबद्दल अवाक्षर नाही.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत माणूस आडवा पडलेला असतो. तिथे गायींची रांग असली, तर गावाचं गोधन राखताना तो पडला. त्यावरच्या चौकटीत झुंज : ढाल-तलवार, भाला, घोडा, क्वचित हत्ती. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत; तेराव्या शतकातल्या यादव आणि शिलाहारांच्या लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. त्याच्या वर वीर स्वर्गाला निघालेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई. घरचे लोक इथे हमखास चकतात. एका घरात या दोघींना थोरली आणि धाकटी म्हणत, लग्नात खणही देत. त्या अप्सरा आहेत. वीराला न्यायला आल्या आहेत. सगळ्यांत वर तोच वीर शिवपिंडीपुढे हात जोडून बसतो, आणि शिरोभागी कलश, चंद्र, सूर्य. पिंडीच्या जागी ध्यानस्थ जिन असला, तर कुळाचा धर्म तरी कळतो.

चंद्रसूर्य दिसले की स्मारक, असं मात्र समजू नये. जमिनीच्या दानाच्या दगडावरही ते असतात, कारण दानही ते दोघे आहेत तोवर चालायचं. त्या दगडाच्या खालच्या अंगाला गाढव आणि बाई कोरलेली असली की तो गद्धेगळ. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी असते. असा एक दगड निम्मा जमिनीत गेलेला, वर फक्त चंद्रसूर्य, आणि त्यापुढे एक भावकी पूर्वज म्हणून नारळ फोडत होती. मी प्रसाद घेतला आणि तिथे काही बोललो नाही.

सतीशिळा ओळखायला सोपी. कोपरात दुमडून वर उचललेला हात, त्यात चुडा, पंजा उघडा, कधी बोटांत लिंबू. चुडा अखंड दाखवतात, म्हणजे बाई सौभाग्यवतीच गेली असा दगडाचा दावा. कोरीव काम कितीही नाजूक असो, या हाताचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही.

ओळखायचं म्हणजे आधी दिसायला हवं. भर दुपारी वीरगळ सपाट दिसतो. कोरलेलं सगळं उन्हात बुजून जातं. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जावं, नाहीतर अंधार पडू द्यावा आणि दगडाच्या कडेला विजेरी अगदी तिरकी धरावी. मग जिथे नुसता खडबडीतपणा वाटत होता तिथे लगाम दिसतो, घोड्याच्या पोटाखाली पडलेला माणूस दिसतो. छत्राची काठी सापडली, तर हा साधा शिपाई नव्हे एवढं तरी म्हणता येतं. शेंदराचा थर जाड असेल तर नजर बाजूला ठेवून बोटं फिरवावीत, अर्थात पुजाऱ्याला विचारून. खडू किंवा पीठ चोळून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो. शेंदूर खरवडणाऱ्यांचा त्याहून जास्त. ती कुणाच्या तरी घरची पूजा आहे.

एवढं करूनही काळाचा पेच उरतोच. लोक सांगतात, ‘आमचे पणजोबांचे पणजोबा पानिपतात पडले, त्यांचा हा दगड.’ पानिपत 1761 चं. आपल्याकडचे पुष्कळसे वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले, म्हणजे त्याच्या साडेचारशे-पाचशे वर्षं किंवा त्याहूनही आधीचे. वीरगळ नंतरही होत राहिले. पण मराठेशाहीतल्या मातब्बर घरांच्या आठवणी बहुधा समाधीच्या चौथऱ्यावर, पादुकांत, वृंदावनात सापडतात. म्हणजे पानिपतवीर शोधायला यादवांच्या दगडापुढे उभं राहून उपयोग नाही. तो दगड गावाचा आहे. तुमच्या घराण्याचाही असेल, पण तसं म्हणायला दुसरा पुरावा लागतो.

तो बहुतेकदा देवघरात असतो. बऱ्याच घरांत देवांच्या टाकांबरोबर वीराचा टाक असतो : चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात शस्त्र. नाशिकला धुळवडीला हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात, लहान मुलं देवांची सोंगं घेऊन नाचतात. दगडावर आणि टाकावर घोडेस्वार सारखाच दिसतो, पण टाक एका घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला असतो, आणि घरातल्या म्हातारीला तो कुठल्या वाटणीत कुणाकडून आला हे ठाऊक असतं. मी आधी तिच्याशीच बोलतो. पाटील-देशमुखांचं घर असेल तर वतनाचे कागद बघावेत. वतनाच्या भांडणात लोक आपले मेलेले पूर्वज रीतसर मोजून दाखवत. कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी येत असेल तर त्याला जेवू घालून वही वाचायला लावावी.

आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे जाणार असाल, तर दगडाचा फोटो घरी ठेवला तरी चालेल. मूळ गाव आणि आडनाव बदललं असल्यास जुनं आडनाव लिहून न्या. त्यांच्याकडची तुमच्या कुळाची वही त्यावरूनच निघते.