बॅटरीवरचा आकडा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे निघाले की काही अंतरावर चिंचोटीचा नाका लागतो. येथून उजवीकडे फुटणारा रस्ता कामणमार्गे भिवंडीला जातो. पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने येणाऱ्यांना हा नाका माहीत असतो. परंतु वर्षभर तो राबता असतो कष्टकऱ्यांचा. कामण, वालीव, सातिवली येथील गाळे आणि नायगावपासून विरारपर्यंत वाढत गेलेल्या इमारती यांना लागणारे सुतार, फॅब्रिकेटर, पीओपीचे कारागीर याच वाटेने ये-जा करतात. त्यांच्या पिशव्यांतली वायरची भेंडोळी अलीकडे कमी झाली असून त्यांच्या जागी बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत.

या परिसरातील हार्डवेअरची एक पेढी. गादीवर वडील, त्यांचा व्यापार शिकून झाला तो मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर. हाताशी वाणिज्य शाखेचा पदवीधर मुलगा. श्रावणातल्या एका संध्याकाळी ओळखीच्या सुतारमिस्त्रीने भिजलेल्या पिशवीतून एक ड्रिल मशीन काढून काउंटरवर ठेवले.

“शेठ, बॅटरीवर एकशे अठ्ठावीस लिहिलंय. रात्रभर चार्ज केली, तरी वीस स्क्रू होत नाहीत. चार महिने झाले फक्त.”

मशीन या पेढीवरून गेलेले नव्हते. तरीही मुलाचा चेहरा उतरला. त्याच बनावटीची दोन डझन खोकी त्याने आठवड्यापूर्वी मागवली होती आणि ती माळ्यावर बांधलेलीच होती. नफा चांगला, आकडा मोठा, किंमत कमी. गिऱ्हाइकाला आणखी काय हवे, असा त्याचा हिशेब होता.

वडिलांनी काही न बोलता मल्टीमीटर काढला आणि बॅटरीच्या टोकांना लावला. आकडा वीसच्या आसपास स्थिरावला. नंतर त्यांनी ती बॅटरी काट्यावर ठेवली. चारशे ग्रॅमही भरली नाही.

“मिस्त्री, आत पाचच सेल आहेत,” ते म्हणाले. “एकशे अठ्ठावीस हा नुसता छापलेला आकडा आहे.”

लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून तीच बॅटरी त्या क्षणी २१ व्होल्ट दाखवते. एका कंपनीच्या खोक्यावर १८ आणि दुसरीच्या खोक्यावर २० मॅक्स लिहिलेले दिसते, तेव्हा वस्तू एकाच ताकदीची असते. फरक मोजण्याच्या क्षणाचा असतो. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. परंतु ४८, ८८, १२८ असे आकडे आणि त्यांच्यापुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे छापून पाच सेलांचे खोके विकणे ही उघड लबाडी आहे.

बॅटरीत काम किती साठले आहे, हे व्होल्टला एएचने गुणल्यावर कळते. १८ व्होल्ट आणि २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास. १८ व्होल्ट आणि ५ एएच म्हणजे ९० वॅट-तास. नेहमीच्या १८ मिलिमीटर जाडीच्या सेलांची ५ एएचची बॅटरी असेल, तर तिच्यात पाच-पाच सेलांच्या दोन रांगा हव्यात आणि तिचे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. व्यापाऱ्याच्या हाताशी काटा असतोच. तो खिळ्यांसाठी वापरता येतो, तसा येथेही वापरता येतो.

मिस्त्रीचे नुकसान केवळ मशीनच्या किमतीचे नव्हते. विरारच्या एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचे काम अर्ध्यावर अडकले, दोन दिवसांची मजुरी गेली, आणि ठेकेदाराने पुढचे काम दुसऱ्याला दिले. कारागिराचे अवजार बिघडले की त्याची चूल त्याच दिवशी ते जाणते.

बॅटरीचे ड्रिल ही काही आजची नवलाई नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात विकायला आणली आणि पुढे तीच हलकी, दमदार बॅटरी अवजारांतही आली. त्यामुळे वीजजोडणी न झालेल्या इमारतीत दहाव्या मजल्यावर काम करता येते. पावसाळ्यात ओल्या लादीवरून २३० व्होल्टची वायर ओढावी लागत नाही, हा लाभ तर जिवाशीच निगडित आहे.

मात्र बॅटरीचे यंत्र घेणे म्हणजे खरे तर बॅटरी घेणे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही. म्हणून पहिल्याच खरेदीत पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा लागतो: या बॅटरीवर आणखी कोणती यंत्रे चालतात, सुटी बॅटरी जवळ मिळते का, दुरुस्तीचे केंद्र वसई-विरारमध्ये आहे का. स्क्रूच्या कामाला इम्पॅक्ट ड्रायव्हर, भोके पाडायला ड्रिल, आणि आळीपाळीने वापरायला २ एएचच्या दोन बॅटऱ्या, एवढ्यावर सुताराचे काम चांगले सुरू होते. दिवसभर दगड कापणारा कटर किंवा भिंत फोडणारा ब्रेकर मात्र वायरचाच परवडतो. ब्रशलेस मोटर महाग पडते. पण ती कमी तापते आणि एका चार्जमध्ये अधिक काम देते, म्हणून रोजच्या वापराला ती घ्यावी.

वडिलांनी मिस्त्रीला हे सारे सांगितले आणि वापराचे चार नियमही सांगितले. कामावरून गरम आलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नये. उन्हात उभ्या टेम्पोत ती ठेवू नये. सुट्या स्क्रूंच्या पिशवीत टाकू नये, कारण टोके जुळली की शॉर्ट होते. भुशाच्या ढिगाजवळ रात्रभर चार्जिंग करू नये. फुगलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी तर पुन्हा चार्जरला लावूच नये.

मिस्त्री गेल्यावर मुलगा म्हणाला, “पप्पा, आपण नाही विकले, तर समोरचा विकेल.”

“विकेल,” वडील म्हणाले. “पण बिलावर नाव आपले असते.”

दोन डझन खोकी परत गेली. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले आणि पुरवठादाराने थोडी रक्कम कापूनही घेतली. समोरच्या दुकानात तीच खोकी दिवाळीपर्यंत खपत राहिली. मुलगा काही दिवस गप्प होता. नंतर त्यानेच काउंटरवर मल्टीमीटर कायमचा ठेवला आणि त्याच्या शेजारी मेलेल्या बॅटऱ्यांसाठी एक डबा आणला. टोकांना चिकटपट्टी लावून बॅटऱ्या त्यात जमा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्या घरच्या कचऱ्यात जाऊ नयेत, एवढे तर दुकानदार पाहू शकतो.

पाडव्यानंतर मिस्त्री पुन्हा आला. श्रावणात त्याने दोन हप्त्यांत घेतलेले ड्रिल नीट चालत होते. आता त्याला जिगसॉ हवी होती.

मुलाने पूर्ण संच पुढे केला, तसा मिस्त्री हसला. “बॅटरी नको, शेठ. त्या आहेत. नुसतं मशीन द्या.”

मुलाने संच बाजूला ठेवला आणि सुट्या मशीनचे, कमी रकमेचे बिल फाडले.