गाव कोणते?

प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाला विचारायचा सर्वांत साधा प्रश्न म्हणजे, "गाव कोणते तुमचे?" बहुतेकांना त्याचे उत्तर विचार न करता देता येते. मी मात्र तेथे नेहमी अडखळतो. वालचंदनगर म्हणावे, तर तेथे माझे ना शेत, ना घर, ना भाऊबंद. पुणे म्हणावे, तर तेथे घर आहे, पण त्याला गाव म्हणवत नाही.

या प्रश्नाशी माझी खरी गाठ पडली ती माझ्या आईमुळे. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिची आठवण मागे मागे चालली आहे. सकाळचा चहा झाला, की ती पदर सावरून विचारते, "घरी कधी जायचं?" मी म्हणत असे, "आई, हेच आपलं घर." ती खोलीभर नजर फिरवी आणि पाहुण्यांच्या घरी बोलावे तशा हलक्या आवाजात म्हणे, "हो रे, पण फार दिवस झाले आता."

तिचे घर म्हणजे वालचंदनगरची कंपनीची चाळ. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पारिजातक. वडिलांनी चौतीस वर्षे कारखान्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर किल्ली परत केली. त्यालाही आता तेहेतीस वर्षे झाली. तिला तेथे न्यावे, असे बहिणीचे म्हणणे. बायको म्हणाली, "आधी तुम्ही एकटे जाऊन पाहून या. तिथं काहीच उरलं नसलं, तर त्यांना काय दाखवणार?"

म्हणून दिवाळीला आठ दिवस राहिले असता मी पहाटे एकटाच गाडी घेऊन निघालो. अंतर सुमारे १३० किलोमीटर. यवतपर्यंत रस्त्यावर माझ्यासारखे शेकडो होते. पाटसला सोलापूरचा हमरस्ता सोडला, रोटीचा लहानसा घाट चढलो आणि एकाएकी एकटा झालो. हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. आषाढीच्या आधी येथे पाय ठेवायला जागा नसते. आश्विनात मात्र वाऱ्याखेरीज कोणी भेटत नाही.

दोन्ही बाजूंना माळ पसरला होता. सह्याद्री पावसाचे ढग पश्चिमेलाच रिकामे करतो. या भागाच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर येतो. एवढ्या पाण्यावर गवत तेवढे तग धरते. आश्विनात ते पिकून सोनेरी होते आणि कुसळे पायमोज्यांत घुसतात. सरकारी दप्तरांत अशा जमिनीला पडीक म्हणण्याची जुनी रीत आहे. पण या 'पडीक' जमिनीवर लांडगा राहतो, खोकड राहते, चंडोल आणि धाविक राहतात, आणि दिवसचे दिवस पाण्यावाचून काढणारा चिंकाराही राहतो. चिंकाऱ्यासाठी सुप्याजवळ १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. २०२३ पासून तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचे गवताळ रान पाहायला लोक पैसे देऊन जातात. आम्ही लहानपणी एस. टी.च्या खिडकीतून हाच माळ पाहून "इथं काहीच नाही" म्हणून झोपी जात असू!

उंडवडीच्या अलीकडे पाय मोकळे करायला थांबलो. मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मागून येणारा म्हातारा धनगर माझ्यापाशी थबकला आणि त्याने तोच प्रश्न विचारला.

"पावनं, गाव कंचं?"

"वालचंदनगर."

"बागायत किती?"

"शेत नाही आमचं."

"घर?"

"कंपनीचं होतं. सोडलं."

"मग भावकी आसंल."

"कोणी नाही."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मग निगालाय कशापायी?"

मी आईचे सांगितले. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हातारी काय खोटं बोलत न्हाई. आमचा वाडा बगा, आज हितं, उद्या टेकडीपल्याड. दिवाळी झाली की कोकणात. गावाकडं चार भिती हायत्या आमच्या बी. पन ल्हान पोरास्नी घर इचारलं, तर घोड्याकडं बोट करत्यात. समदा संसार घोड्यावरच नव्हं!" एवढे बोलून तो मेंढ्यांमागे गेला. मी गाडीत बसलो तेव्हा मोज्यांतली कुसळे काढायची राहूनच गेली होती.

बारामती आली आणि माळ संपला. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या मुलखात १८८५ च्या सुमारास आले. ज्या जमिनीत कुसळ उगवे, तेथे ऊस उभा राहिला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या शिवारात साखर कारखाना काढला, तो १९३४ च्या सुमारास. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रे घडू लागली, सिमेंटची यंत्रे घडू लागली आणि आता तर इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडतात. एका माळरानाने एवढी मजल मारावी, याचा आम्हां कॉलनीतल्या मुलांना फार अभिमान. त्यापायी किती माळ नाहीसा झाला, हे मात्र त्या वयात मनात आले नाही.

आईचे माहेर माण तालुक्यातले. तेथे पाण्यासाठी मैलभर चालावे लागे. लग्न होऊन ती चाळीत आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा घरात नळ पाहिला. पहिल्या दिवशी तिने तो चार वेळा उघडला आणि चार वेळा बंद केला. वडील हसले, तेव्हा म्हणाली, "खरंच येतं का, ते बघत होते." ही गोष्ट आम्ही तिच्याच तोंडून शंभरदा ऐकली होती. भवानीनगरच्या पुढे कालव्याचे पाणी उन्हात चमकले आणि ती मला पुन्हा आठवली.

जंक्शनचा फाटा आला. नाव जंक्शन, पण आगगाडी नाही. नवख्या माणसाची येथे हमखास फसगत होते. पूर्वी गळिताच्या दिवसांत मळीचा वास आला, की आम्ही पिशव्या आवरायला घेत असू. त्या दिवशी मी काच खाली केली, पण वास आला नाही.

चाळ होती. आमचा ओटाही होता. त्यावर एक मुलगा किल्ल्यासाठी माती कालवत बसला होता. आतून त्याची आई आली. हात चकलीच्या पिठाने भरलेले.

"काका, कोण हवंय?"

"कोणी नाही. आम्ही इथं राहत होतो."

"मग आत या ना! बाहेर काय उभे?"

पारिजातक नव्हता, तेथे पाण्याची टाकी होती. आमच्या पाळण्याची कडी मात्र तुळईला तशीच होती. तिला दोरी बांधून त्या बाईंनी मुलाचा गणवेश वाळत घातला होता. मी कडीकडे पाहतो आहे असे दिसताच त्या ओशाळल्या आणि गणवेश काढू लागल्या. मी म्हटले, "राहू द्या." चहा झाला. निघताना त्यांनी आईसाठी पुडीत चकल्या दिल्या. म्हणाल्या, "त्यांना सांगा, आम्हीही किल्ली देऊन जाणारच आहोत एक दिवस. तोवर नीट ठेवतो."

रात्री घरी पोहोचलो. आई जागीच होती. मी तिच्यापाशी बसून सांगू लागलो. चाळ आहे. ओटा आहे. पोरगा किल्ला करतोय. कडीसुद्धा आहे. पारिजातकाचे तेवढे गाळले. तिने सारे ऐकून घेतले, चकलीचा तुकडा मोडला आणि एवढेच विचारले, "नळाला पाणी येतं?"

"येतं, आई."

"मग बरं." आणि ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर तिने पदर सावरला आणि विचारले, "घरी कधी जायचं?" तिला न्यायचे की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही. पण "हेच आपलं घर" असे मी आता म्हणत नाही. मी म्हणतो, "जाऊ, आई. रस्ता चांगला आहे."