संन्यासी अध्यक्ष

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या चरित्रातील जो प्रसंग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, तो रणांगणावरचा नव्हे. युद्ध जिंकल्यावर, 1783 च्या डिसेंबरात, त्यांनी ॲनापोलिस येथे लोकप्रतिनिधींच्या सभेपुढे उभे राहून आपले सेनापतिपद परत केले आणि ते घरी निघून गेले. पुढे 1789 ते 1797 अशी आठ वर्षे राष्ट्राध्यक्षपद सांभाळून तिसऱ्या वेळी त्यांनी नको म्हटले व पुन्हा माउंट व्हर्ननची वाट धरली. हाती आलेली सत्ता खाली ठेवणारा विजेता विरळाच. मात्र वॉशिंग्टनांस परतावयास हजारो एकरांची शेतीवाडी होती आणि ती कसावयास गुलाम होते, हेही नजरेआड करता येत नाही.

हे चरित्र वाचताना आम्हां हैदराबादच्या मराठी माणसांस हटकून आठवण होते ती आमच्याच शहरातील एका अध्यक्षांची. त्यांस परतावयास घरच नव्हते. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ हे ते होत.

पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे कानडी मुलुखातला. सोलापुरात व पुण्यात शिक्षण, कामगारनेते ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम, आणि मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत व अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात अध्यापन. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला. संन्याशाने राजकारणात पडावे काय, हा प्रश्न आमच्या देवस्थानांच्या ओट्यांवर आजही निघतो. ज्याने स्वतःचे श्राद्धही आटोपून घेतले, त्याने मतपेट्यांच्या फंदात का पडावे, असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न खोटा नाही. आम्हांस इतकेच वाटते की, त्याचे उत्तर स्वामींच्या शब्दांत शोधण्यापेक्षा त्यांनी काय घेतले नाही यात शोधावे.

1938 साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. संस्था जातीय आहे, असा आरोप होता. सत्याग्रह झाला, स्वामी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज व हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. तिन्ही प्रवाह एक झाले असते तर गर्दी वाढली असती. भगवी वस्त्रे धारण करणारा पुढारी तर हाताशी होताच. परंतु स्टेट काँग्रेसने गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात आपला लढा स्थगित केला, तो इतरांच्या लढ्याशी एकरूप समजला जाऊ नये म्हणून. ज्यांच्या अंगावर कफनी होती त्यांनीच हा लढा हिंदूंचा नव्हे, प्रजेचा आहे, हे धोरण शेवटपर्यंत धरले. आमच्यातील पुष्कळांस ते तेव्हा रुचले नाही. 1948 च्या ऑगस्टात 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली, ती विलीनीकरणाची बाजू मांडल्याबद्दल. या धोरणाचा अर्थ तेव्हा तरी कळावयास हवा होता.

बंदी 1946 साली उठली. 1947 च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला, आणि त्याच महिन्यात स्वामींच्या अध्यक्षतेखाली मुशीराबादेस स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. विलीनीकरणाची मागणी तेथून निःसंदिग्ध झाली. 15 ऑगस्टला सारा देश दिवे लावीत असता हे अध्यक्ष अटकेत पडले. मधला अल्पकाळ वगळता ते 1948 च्या सप्टेंबरापर्यंत, पोलीस कारवाई होऊन 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करीपर्यंत, बंदीवासातच होते.

आणि मग? निजाम राजप्रमुख झाले. 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. ते बहुभाषी व विद्वान गृहस्थ, त्यांचे शिक्षणही काही काळ पुण्यास झालेले. स्वामींचा व त्यांचा गट निराळा होता, पक्षात कुरबुरी होत्या, त्या लपविण्यात अर्थ नाही. स्वामी गुलबर्ग्याहून व 1957 साली औरंगाबादेहून लोकसभेवर गेले, पण मंत्रिपद त्यांनी कधीही घेतले नाही.

याहून मोठा त्याग मात्र निराळाच होता. संस्थानात सोळा जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. भाषेचा हा प्रश्न जुना होता. 1921 साली आमच्याच विवेकवर्धिनीत महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली असता एका वकिलांनी तेलुगूत बोलावयास आरंभ केला, तेव्हा सभेत त्यांची हुर्यो झाली. तो अपमान सहन न होऊन त्याच सुमारास आंध्र जनसंघाची स्थापना झाली. हुर्यो करणाऱ्यांत मराठी मंडळी होती, हे आम्ही मराठी लोक सहसा सांगत नाही. स्वामींनी या तिन्ही भाषांच्या लोकांस एका संस्थेत आणले, आणि स्वातंत्र्य मिळताच त्यांनीच म्हटले की, हे राज्य आता मोडावे, ज्याने त्याने आपल्या भाषेच्या घरी जावे. पंडित नेहरूंस हे विभाजन आरंभी मान्य नव्हते. तरी 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते झाले. ज्या प्रदेशाचे आपण पुढारी, तो प्रदेशच नकाशावरून पुसावा म्हणून झटणारा पुढारी आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि 1960 साली महाराष्ट्राचा झाला. स्वामींनी शेवटचे दिवस हैदराबादेतच काढले, तेलुगू राज्याच्या राजधानीत. 22 जानेवारी 1972 रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठास 1994 साली त्यांचे नाव मिळाले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव स्वतःस त्यांचे शिष्य मानीत. समाधी बेगमपेठेस आहे. दर 17 सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते. आमच्यापैकी जे त्या वेळी शहरात असतात ते बेगमपेठेस फुले घेऊन जातात, आणि तेथे भेटणाऱ्या तेलुगू व कानडी मंडळींशी ज्याला जी येईल त्या भाषेत बोलतात.