पाटी डोईवर, कागद कुठे?

मध्य रेल्वेची लोकल ज्या कसाऱ्याला संपते, तेथून पुढे घाट आणि मग नाशिक जिल्हा. मुंबईपासून हे अंतर सुमारे 120 किलोमीटर. पहाटेच्या अंधारात कसाऱ्याहून सुटणारी गाडी उंबरमाळी, खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद अशी थांबत निघते आणि प्रत्येक स्टेशनावर बायाबापड्या आपल्या पाट्या मालडब्यात चढवतात. पाटीवर ओले फडके, फडक्याखाली पळसाची पाने आणि पानांखाली रानातली भाजी. हे सगळे शहापूर तालुक्यातले लोक. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, आणि बौद्धवाड्यातल्या भूमिहीन कुटुंबांतल्या आपल्या आयाबहिणीही.

आपल्या वाचकांपैकी कितीतरीजण कल्याण, घाटकोपर, कुर्ला, दादर या भागात राहतात. त्यांनी ही भाजी घेतलीच असेल. पहिला पाऊस पडला की शेवळं येतात. त्यांना खाज असते, म्हणून काकडाची फळे घालून शिजवावी लागतात. जाणती विकणारी शेवळांच्या जुडीसोबत काकडं न मागता देते. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, लोत. श्रावणाच्या सुमारास करटुली. त्याआधी मे महिन्यात करवंदे आणि जांभळे, दसऱ्याला आपट्याची पाने. यातले एकही पीक वर्षभर टिकत नाही. काही भाज्या तर आठ-पंधरा दिवसांत संपतात.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढची सारी अडचण इथूनच सुरू होते.

मालडब्यात शेजारी बसलेल्या एका मावशीला मी विचारले, "मावशी, बसायची जागा ठरलेली आहे का?"

"कशाची ठरलेली, दादा! लवकर पोचली तिला जागा."

"आणि लायसन?"

ती हसली. बाजूच्या दोघीही हसल्या. "आम्ही का रोज येतो? लावणी लागली का आम्ही शेतावर. भात कापायला आला का शेतावर. मधी येतो ते भाजीपुरते. लायसन काय चार महिन्यांचे देतात होय?"

तिचा प्रश्न वरवर साधा वाटतो. तो देशाच्या कायद्याला विचारलेला आहे.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा संसदेने 2014 साली केला. तो चांगला कायदा आहे, हे आधी म्हटले पाहिजे. त्याआधी फेरीवाला म्हणजे केवळ अतिक्रमण असे समजले जाई. या कायद्याने त्याला उपजीविकेचा हक्क असलेला माणूस मानले. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवायचे नाही, असे त्यात लिहिले. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया, अपंग यांना प्राधान्य सांगितले. रस्त्यावर विकणारा कोण, याची व्याख्या करताना तो शहरात राहणारा असावा, अशी अटही घातली नाही.

पण कायदा राबवताना डोळ्यांपुढे असतो तो रोज एकाच जागी बसणारा शहरातला माणूस. सर्वेक्षण पाच वर्षांतून निदान एकदा व्हायचे. मोजणीदार येईल त्या दिवशी जो जागेवर दिसला, तो विक्रेता. त्या दिवशी आमची मावशी गुडघाभर चिखलात लावणी करीत असली तर ती विक्रेती नव्हे. मुंबईत 2014 साली फेरीवाल्यांकडून अर्ज घेतले, तेव्हा सुमारे 99 हजार अर्ज आले. 2024 साली समितीची निवडणूक झाली, तेव्हा मतदार यादीत सुमारे 32 हजार नावे होती. पात्रतेसाठी अधिवासाचा दाखला मागितला गेला. ज्यांच्या कितीतरी पिढ्या याच सह्याद्रीच्या कुशीत गेल्या, त्यांच्याजवळ रहिवासाचा कागद बहुधा सर्वांत कमी असतो.

दुसरे कलम तर याहून कठीण. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी विक्रेत्याने हमी द्यावी लागते की, आपल्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही. शहरातल्या धनिकाने चार गाड्या लावून भाडे खाऊ नये, म्हणून ही अट. हेतू योग्यच. पण खेड्यातल्या गरिबाचे पोट कधी एका साधनावर भरते का? चार महिने भाजी, दोन महिने शेतमजुरी, मग वीटभट्टी, मग रोजगार हमी. या सगळ्यांची बेरीज केली तर कसेबसे वर्ष निघते. ती खरे बोलली तर अपात्र, आणि खोटे लिहून दिले तर दोषी!

गाडी कल्याण सोडून पुढे जाते, तसा डबा गच्च भरतो. दादरला उतरल्यावर पाटी पुन्हा डोईवर, चुंबळ नीट करून पुलावरून पश्चिमेकडे. पूर्वी स्टेशनाच्या दारातच पाटी उतरवता येई. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनापासून 150 मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. माणसे मेल्यावर पुलाजवळची गर्दी हटवणे आवश्यकच होते, त्याबद्दल वाद नाही. रेल्वेच्या स्वतःच्या जागेला तर 2014 चा कायदा लागूच नाही. पण डोईवर वीस-पंचवीस किलो ओझे घेऊन चालणाऱ्या बाईला त्या 150 मीटरनंतर कुठे बसायचे, हे कोणी दाखवून द्यायला हवे होते. रानडे रोड, डिसिल्व्हा रोड या बाजूला जागा म्हणावी तर ती रोजच्यांची. रोजचा विक्रेताही गरीबच, तोही आपली हातभर जागा सांभाळणार. तेव्हा खेड्यातली बाई दोन दुकानांच्या मधल्या फटीत फडके पसरते, वाटे मांडते आणि एक डोळा रस्त्याच्या टोकाकडे ठेवते.

लाइनीवरच्या एका शहरात तिची करटुलीची आख्खी पाटी गाडीत टाकून नेली होती. ती सोडवायला ती गेलीच नाही. "कुठं जाऊ? परतीची गाडी चुकली असती." कायदा सांगतो की, माल जप्त करताना त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यावी आणि नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत करावा. हे तिला कोणी सांगितले नव्हते. वाचकहो, आपल्या ओळखीत कोणी अशी विक्री करीत असेल तर एवढे दोन नियम तरी त्यांना जरूर समजावून द्या.

कोणी विचारील, मग आपल्याच गावच्या आठवडी बाजारात का विकत नाहीत? विकतात ना! पण शेवळं गावात विकत कोण घेणार, ती तर सर्वांच्याच रानात उगवतात. शिवाय शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे 1996 च्या पेसा कायद्याने गावच्या बाजाराचे व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती दिले. वनहक्क कायद्याने 2006 साली गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पारंपरिक वनवासीयांना दिला. म्हणजे रानात भाजी खुडताना ती हक्कदार. पण नगरपालिकेची हद्द ओलांडली की तीच भाजी आणि तीच बाई बेकायदा! आणि ही हद्द गावाच्या दाराशी येऊन पोहोचली आहे. गेल्या दशकात राज्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, शहापूर त्यांपैकीच. आता हिशेब पाहा. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे कायदा म्हणतो. बारा हजार वस्तीच्या ठिकाणी हे झाले तीनशे. पण बाजाराच्या दिवशी तिथे विकायला येणारी माणसे आजूबाजूच्या पाड्यांची असतात. त्यांची शिरगणती त्या बारा हजारांत कुठे आहे?

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. गावात अस्पृश्याला व्यापार करता येत नाही, कारण त्याच्या हातचे कोणी घेत नाही, ही गावगाड्याची रीत बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. आज ती उघडपणे कोणी बोलत नाही. पण बौद्धवाड्यातल्या एका बहिणीने मला सांगितले, "गावात माझ्याकडून अंडी घेतात, दूध नाही घेत. दादरला कुणी आडनाव विचारत नाही. भाव विचारतात." म्हणून शहराचा तो हातभर पदपथ तिला केवळ चार पैशांसाठी नको असतो.

मार्ग मुळीच नाही, असेही नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्याने अर्ज करता येतो. एकच जागा वेळ वाटून वापरण्याची सोय योजनेत करता येते. पूर्वापार जमणारा बाजार 'नैसर्गिक बाजार' म्हणून जाहीर करता येतो. केंद्र सरकारने 2020 साली स्वनिधी कर्ज योजना काढली, तेव्हा आजूबाजूच्या ग्रामीण भागातून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही शिफारसपत्रावर पात्र धरले. कर्जासाठी जी ओळख चालते, ती बसण्यासाठी का चालू नये?

आसनगावला बी.ए. झालेला एक तरुण भेटला. आईबरोबर लहानपणी तोही पाटी घेऊन जात असे. आता सुट्टीच्या दिवशी तो बायांचे अर्ज भरून देतो. एका अर्जात व्यवसायाच्या कालावधीचा रकाना होता. इतरांनी तिथे 'बारमाही' लिहून टाकावे, असा सल्ला त्याला पुष्कळांनी दिला होता. त्याने लिहिले : मे ते दसरा, पहाटेपासून दहापर्यंत, लावणीचे दिवस सोडून. खाली आईचा अंगठा घेतला आणि अर्जाची दुसरी प्रत काढली. पोच मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही, असे त्याने आईला बजावले होते.