खांद्यावरची हार्प

आपल्याकडे स्वरमंडळ मांडीवर मावतं. गाणारा डोळे मिटून तारांवरून सहज बोटं फिरवतो आणि रागाचं अंगण सारवून तयार होतं. हार्पचं तसं नाही. ४७ तारांचं हे धूड, वजनाला चाळीसेक किलो. मागे कलंडवून उजव्या खांद्यावर घ्यावं लागतं. लाल तार सी, काळी एफ, बाकीच्या सगळ्या सारख्याच दिसतात. ऐकणारे हातांकडे बघत बसतात आणि खाली पाय सात पेडलांशी झटत असतात. करंगळी तेवढी रिकामी. एवढ्या धबडग्यात एका बोटाला सुट्टी आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत हार्पचा वर्ग १८२५ साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक नादेरमान. घरचा धंदा हार्प बनवण्याचा, पण जुन्या, एकाच टप्प्याच्या पेडलाच्या. एरार या वाद्य बनवणाऱ्याने १८१० मध्येच दोन टप्प्यांचं पेडल काढलं होतं. त्यामुळे एका तारेतून तीन स्वर मिळू लागले. नादेरमान मात्र १८३५ साली वारले तोवर जुनीच हार्प धरून होते. गुरूच्या घरी दुकान असलं की शिष्यांच्या बोटांना त्याची किंमत मोजावी लागते, असं आपलं माझं मत.

माझं मन अडतं ते आंरिएत रेनिए यांच्यापाशी. वर्गात आली तेव्हा ही पोर इतकी लहान की पाय पेडलांपर्यंत पोचेनात. वडिलांनी युक्ती करून पेडलंच उंच करून दिली. १८८७ साली, अकराव्या वर्षी, तिने पहिलं पारितोषिक पटकावलं. गुरू अल्फोन्स हासेलमान्स. १८८४ ते १९१२ हा वर्ग त्यांच्या हाताखाली होता आणि लिली लास्किन, कार्लोस साल्झेदो, मार्सेल तुर्निए ही सगळी मंडळी तिथूनच निघाली. रेनिएंनी १९०१ साली स्वतः रचलेला कन्चेर्टो ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला. हार्प म्हणजे दिवाणखान्यातली शोभा, असं मानणाऱ्यांसमोर.

१९१२ मध्ये गुरूंनी आपल्या जागी रेनिएंचंच नाव सुचवलं. जागा मिळाली तुर्निएंना. बाई कडक कॅथलिक, आणि फ्रेंच सरकारने १९०५ मध्येच चर्चशी काडीमोड घेतलेला. तेही आडवं आलं म्हणतात. तुर्निए कमी होते असं मुळीच नाही. १९४८ पर्यंत त्यांनी वर्ग नेकीने सांभाळला, त्यांच्या रचना आजही हार्पवाल्यांच्या बोटांत आहेत. तरी नेमणुकीवरची ती सही कुणाच्या हातून झाली असेल, त्याने बाईंना कधी ऐकलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

बाई खाजगी शिकवण्या घेत राहिल्या. आपल्याकडेही गवयाला आधी विचारतात, कुणाकडे शिकलात? खातं आणि हुद्दा नंतर. १९४६ मध्ये त्यांनी आपली सगळी शिकवण ग्रंथात उतरवली: मनगट कसं ठेवायचं, बोट तार सोडून तळव्याकडे कसं मिटायचं. कॉन्झर्व्हेटरीची ती जागा त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. १९५६ मध्ये त्या गेल्या.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या जुलियार्डमधला हार्प विभाग मार्सेल ग्रांजनी यांच्याकडे आला आणि १९७५ मध्ये ते वारले तोवर त्यांच्याकडेच राहिला. आठ वर्षांचे असताना ते हार्प शिकायला गेले होते, ते रेनिएबाईंकडे.